पदवी नसलेल्या राण्या: मॅसिडोनियाच्या राजघराण्यातील स्त्रियांचे आयुष्य

आजच्या लिबियाच्या किनाऱ्याजवळ किरेने नावाचे एक संपन्न ग्रीक नगर होते. इ.स.पू. ३३० ते ३२५ या काळात ग्रीसमध्ये धान्याची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा या नगराने कोणाला किती धान्य पाठवले याची यादी दगडावर कोरून ठेवली, आणि तो शिलालेख आज उपलब्ध आहे. त्यात सर्वांत मोठा आकडा अथेन्सचा आहे, एक लाख मेदिम्नोस. मेदिम्नोस हे ग्रीकांचे धान्य मोजण्याचे माप असून अथेन्समध्ये ते सुमारे ५२ लिटरचे होते. यादीतली बाकीची नावे अशीच नगरांची किंवा लोकसमूहांची आहेत. अपवाद फक्त दोन व्यक्तींचा, आणि त्या दोन्ही स्त्रिया आहेत. ऑलिंपियासला ६०,००० मेदिम्नोस आणि क्लिओपात्राला ५०,०००. पहिली अलेक्झांडरची आई आणि दुसरी त्याची सख्खी बहीण. (ही क्लिओपात्रा म्हणजे इजिप्तची प्रसिद्ध राणी नव्हे, ती या घटनेनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी मरण पावली.) या दोन नावांच्या मागेपुढे ‘राणी’ असा शब्द नाही, कोणाची पत्नी किंवा कोणाची कन्या याचाही उल्लेख नाही. एका नगराला पुरेल इतके धान्य एखाद्या स्त्रीच्या नावे कोणत्या अधिकाराने येते, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की प्राचीन ग्रीसमधील राजस्त्रियांच्या आयुष्याची घडण हळूहळू उलगडू लागते.

त्याच काळातले अथेन्स शेजारी ठेवून पाहिले तर या आकड्यांचे नवल अधिकच वाटते. अथेन्सच्या कायद्यानुसार स्त्रीला एक मेदिम्नोस जवाच्या किमतीपेक्षा मोठा व्यवहार स्वतःच्या अधिकारात करता येत नसे. जन्मभर तिच्यावर कोणा पुरुषाचे पालकत्व असे, आधी वडिलांचे, मग पतीचे, आणि तेही नसतील तर भावाचे किंवा मुलाचे. न्यायालयात भाषण करणारे वक्ते तर घरंदाज स्त्रीचे नाव घेणेही टाळत. ती अमक्याची मुलगी किंवा तमक्याची बायको म्हणूनच ओळखली जाई. ‘प्राचीन ग्रीक स्त्री’ म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र येते ते बहुतांशी या एका नगराचे आहे, कारण लिहिणारे पुष्कळसे तिथलेच होते. उत्तरेकडच्या मॅसिडोनियात लोकशाही नव्हती, राजसत्ता होती, आणि राज्य म्हणजे व्यवहारात एका घराण्याची मालमत्ता होती. जिथे घर आणि राज्य यांच्यात भिंत नसते तिथे घरातल्या स्त्रियांना राज्यकारभारापासून दूर ठेवणे अवघड असते. मात्र त्यांना मिळणारी सत्ता कुठे लिहून ठेवलेली नसे. मॅसिडोनियाच्या अर्गेअद घराण्यात राजाच्या पत्नीला कोणतीही अधिकृत पदवी नव्हती.

याचे एक मोठे कारण बहुपत्नीत्वात आहे. अलेक्झांडरचा पिता दुसरा फिलिप इ.स.पू. ३५९ पासून ३३६ पर्यंत राज्यावर होता आणि या तेवीस वर्षांत त्याने सात विवाह केले. एका प्राचीन चरित्रकाराने म्हटले आहे की फिलिप प्रत्येक युद्धागणिक लग्न करीत असे, आणि वधूंची माहेरे नकाशावर मांडली तर ते म्हणणे पटते. औदाता इलिरियाची, फिला डोंगराळ एलिमेयाची, निकेसिपोलिस आणि फिलिना या थेसलीतल्या दोन नगरांच्या, ऑलिंपियास पश्चिमेकडच्या एपिरसमधील मोलोसियन राजघराण्यातली, मेदा थ्रेसकडची. सातवी क्लिओपात्रा मात्र मॅसिडोनियातल्याच अत्तालस या सरदाराची पुतणी. प्रत्येक विवाह म्हणजे एकेका सीमेवर केलेली सोयरीक होती. आपल्याकडच्या राजघराण्यांच्या कथांमुळे ‘पट्टराणी’ हा शब्द आपल्याला परिचित आहे. मॅसिडोनियात नेमकी हीच कल्पना नव्हती. कोणती पत्नी थोरली आणि कोणती धाकटी हे ठरलेले नसे, ज्येष्ठ पुत्रानेच गादीवर बसावे असा पक्का नियमही नव्हता. ज्या राणीचा मुलगा राजा होईल असे दिसे तिचे वजन वाढे, आणि मुलाची बाजू राजवाड्यात अहोरात्र लढवू शकेल असे माणूस म्हणजे त्याची आई. सावत्र भावांमध्ये स्पर्धा असल्यामुळे प्रत्येक आई आणि तिची मुले मिळून जणू एक स्वतंत्र पक्षच तयार होई. सवतीमत्सर हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण हरणाऱ्या पक्षाच्या मुलांचे प्राण जाण्याचीच शक्यता अधिक असे.

याची पहिली स्पष्ट ओळख पटते ती फिलिपची आई युरिडिकी हिच्यापासून. तिसऱ्या अमिंतास राजाची ही पत्नी सिर्रास नावाच्या गृहस्थाची कन्या. इ.स.पू. ३७० च्या सुमारास राजा वारला, पुढे थोरला मुलगाही मारला गेला, आणि गादीवर हक्क सांगणारा एक प्रतिस्पर्धी चालून आला. तेव्हा तिने अथेन्सचा सेनापती इफिक्रातेस याला बोलावून आपली दोन लहान मुले, पर्दिक्कास आणि फिलिप, त्याच्या मांडीवर बसवली आणि मदत मागितली, असे अथेन्सचा एक राजदूत पुढे फिलिपसमोरच बोलून दाखवतो. इफिक्रातेस हा अमिंतासचा मानलेला मुलगा होता, त्यामुळे तिने त्याला जणू मोठ्या भावाच्या कर्तव्याचीच आठवण दिली. राजमातेच्या हातात सैन्य नव्हते, पण नाते होते, आणि ते नेमके कधी वापरायचे याची जाण होती.

याच युरिडिकीबद्दल काही शतकांनी लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने मात्र भयंकर कथा सांगितली आहे: जावयाशी संबंध ठेवून तिने नवऱ्याला मारण्याचा कट केला आणि पुढे दोन मुलांचे जीव घेतले. त्यातला पर्दिक्कास हा इ.स.पू. ३५९ मध्ये इलिरियनांशी लढताना पडला, हे दुसऱ्या इतिहासकाराकडून आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा कथेचा निदान तेवढा भाग तरी खोटा ठरतो. राजस्त्रियांविषयी वाचताना ही सावधगिरी सतत बाळगावी लागते, कारण त्यांच्याबद्दल लिहिणारे सगळे पुरुष होते, बरेचसे शत्रूच्या गोटातले किंवा शेकडो वर्षांनंतरचे होते, आणि विष, जादूटोणा व व्यभिचार हे तीन आरोप त्यांच्या लेखणीच्या टोकावर तयारच असत. युरिडिकीची स्वतःची बाजू दगडावर सापडते. मॅसिडोनियाची जुनी राजधानी आइगाइ, म्हणजे आजचे वेर्गिना, येथे झालेल्या उत्खननात तिने अर्पण केलेल्या मूर्तींच्या बैठका मिळाल्या असून त्यांवर ‘सिर्रासची कन्या युरिडिका हिच्याकडून युक्लेइया हिला’ एवढाच मजकूर आहे. युक्लेइया ही सुकीर्तीची देवता. युरिडिकीच्या आणखी एका अर्पणलेखाची कविता ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात जतन झाली आहे. मुले वयात आल्यानंतर आपण कष्टाने अक्षरे शिकलो, असे ती त्यात सांगते. प्रौढ वयात लिहायला शिकलेली राणी ही गोष्ट अभिमानाने देवतांपुढे ठेवते, हे मला त्या घराण्यातल्या सगळ्या लढायांपेक्षा अधिक लक्षात राहते.

रोजच्या आयुष्याविषयी माहिती तुटपुंजी आहे, पण जी आहे ती बोलकी आहे. राजकन्याही सूत कातत आणि कापड विणत. एक रोमन चरित्रकार सांगतो की अलेक्झांडरने पर्शियाच्या बंदिवान राजमातेला मॅसिडोनियाहून आलेली वस्त्रे आणि लोकर पाठवली व नातींना हे काम शिकवावे असे सुचवले. पर्शियन राजस्त्रियांना लोकरीचे काम हीन वाटत असल्यामुळे ती अतिशय दुखावली, तेव्हा अलेक्झांडरने स्वतः जाऊन समजूत काढली की माझ्या अंगावरचे हे वस्त्रही माझ्या बहिणींनी स्वहस्ते विणलेले आहे. धर्मकार्य हा दुसरा मोठा प्रांत. देवळांना देणग्या देणे, मूर्ती उभारणे, यज्ञ करणे यांसाठी स्त्रीला कोणाची परवानगी लागत नसे आणि त्यातून तिचे नाव परराज्यांत पोहोचे. ऑलिंपियासने अलेक्झांडरला लिहिलेले म्हणून एक पत्र एका प्राचीन ग्रंथात आले आहे, त्यात ती पेलिग्नास नावाचा एक आचारी त्याला देऊ करते, कारण घराण्याच्या कुलाचारातले यज्ञ कसे करायचे हे त्याला नीट ठाऊक आहे. लेक आशिया जिंकत फिरतो आहे आणि आईला काळजी आहे ती कुलाचार चुकू नये याची.

ऑलिंपियासचे स्वतःचे नाव निदान एकदा बदलले होते. लहानपणी ती मिर्ताले होती असे जस्टिन सांगतो. लग्नानंतर नाव बदलण्याची चाल मराठी वाचकाला नवी वाटणार नाही, पण येथे नाव बदलणे म्हणजे राजकीय घोषणा असे. ‘युरिडिकी’ हे नाव तर पुढे इतर राजस्त्रियांनी मुद्दाम धारण केले. इ.स.पू. ३५६ मध्ये ऑलिंपियासला अलेक्झांडर झाला आणि त्यानंतर क्लिओपात्रा. ३३७ मध्ये फिलिपने सातवे लग्न केले, त्या मेजवानीत वधूचा चुलता अत्तालस याने ‘आता राज्याला खरा औरस वारस मिळो’ अशी प्रार्थना करायला सांगितली, अलेक्झांडरने त्याच्या अंगावर पेला फेकला, आणि आई व मुलगा दोघेही देश सोडून गेले. पुढच्याच वर्षी फिलिपने समेट म्हणून मुलगी क्लिओपात्रा हिचा विवाह तिच्या सख्ख्या मामाशी, म्हणजे एपिरसचा राजा असलेल्या ऑलिंपियासच्या भावाशी, ठरवला. त्याच विवाहसोहळ्यात आइगाइच्या रंगमंडपात फिलिपचा त्याच्याच अंगरक्षकाने खून केला. त्यानंतर ऑलिंपियासने धाकट्या सवतीचा व तिच्या तान्ह्या मुलीचा अंत घडवून आणला. त्याच सुमारास अलेक्झांडरने स्वतःचा चुलतभाऊ अमिंतास याला मारले, पण त्याबद्दल इतिहासकार फारसे बोलत नाहीत. क्रौर्य दोघांचे सारखेच होते, लेखणीने मापे मात्र वेगवेगळी लावली.

अलेक्झांडर इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात गेला तो परतलाच नाही. मागे कारभार अँटिपाटर या वृद्ध सरदाराकडे होता आणि ऑलिंपियासचे त्याच्याशी मुळीच पटत नसे. दोघांच्याही तक्रारींची पत्रे अलेक्झांडरकडे जात. आईचा एक अश्रू असली दहा हजार पत्रे पुसून टाकतो हे अँटिपाटरला कळत नाही, असे तो म्हणाल्याचे प्लुटार्क सांगतो; आई नऊ महिन्यांच्या मुक्कामाचे भाडे फार जबर वसूल करते, असेही त्याचे म्हणून एक वाक्य प्रसिद्ध होते. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या तोंडी शोभतात. पुढे ऑलिंपियास एपिरसला माहेरी गेली. एपिरसमधील दोदोना येथील देवळातल्या मूर्तीला अथेन्सवाल्यांनी सजवले तेव्हा ‘ही भूमी माझी आहे’ असे तिने त्यांना खडसावले, आणि अथेन्सच्या एका वक्त्याला भर न्यायालयात तिच्या तक्रारीची दखल घ्यावी लागली. क्लिओपात्राचा पती इटलीत लढताना मारला गेला होता; यात्रा व उत्सवांची निमंत्रणे घेऊन येणाऱ्या पवित्र दूतांचे स्वागत एपिरसच्या वतीने कोण करतो याच्या अधिकृत यादीत तिचे नाव आढळते. किरेनेचे धान्य या दोघींच्या नावे का आले, ते आता स्पष्ट होते. घरचे पुरुष दूर होते किंवा मरण पावले होते, आणि त्या भूमीवर घराणे म्हणून उरलेल्या व्यक्ती याच होत्या.

अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला आणि सगळा डाव उधळला गेला. मागे उरले होते मनाने दुर्बळ असलेला सावत्र भाऊ अर्‍हिदाइयस आणि अलेक्झांडरची पत्नी रोक्साने हिच्या पोटचे, अजून जन्मालाही न आलेले मूल. या दोघांनाही राजे ठरवून सत्ता सेनापतींनी वाटून घेतली. येथे फिलिपची आणखी एक मुलगी पुढे येते, किनाने. तिची आई इलिरियाची, आणि इलिरियन रीतीप्रमाणे ती शस्त्रविद्या शिकलेली होती. तिचा पती म्हणजे अलेक्झांडरने मारलेला तोच अमिंतास. विधवा किनानेने पुन्हा लग्न न करता आपली मुलगी अदेआ हिलाही शस्त्रे चालवायला शिकवले, आणि आता तिला घेऊन, थोडे सैन्य जमवून, ती थेट आशियाकडे निघाली. अदेआचे लग्न अर्‍हिदाइयसशी लावायचे असा तिचा बेत होता. सेनापतींनी तिला वाटेतच ठार मारले. परंतु फिलिपच्या मुलीची हत्या डोळ्यांदेखत झालेली पाहून सैनिकच खवळले, आणि सेनापतींना नाइलाजाने ते लग्न लावून द्यावे लागले. अदेआने युरिडिकी हे नाव घेतले. आजेसासूचे ते नाव होते, आणि तिच्या स्वतःच्या दोन्ही बाजूंच्या पणजीचेही.

इ.स.पू. ३१७ मध्ये ही विशीच्या आसपासची राणी आणि साठीकडे झुकलेली ऑलिंपियास समोरासमोर आल्या. एक दुर्बळ पतीच्या नावाने राज्य चालवत होती, दुसरी सहा वर्षांच्या नातवाचा हक्क सांगत होती. स्त्रियांमधले हे पहिले युद्ध होते, असे एका ग्रीक इतिहासकाराने लिहिले आहे: युरिडिकी मॅसिडोनियन पद्धतीची शस्त्रे धारण करून आली, तर ऑलिंपियास ढोलांच्या नादावर मद्यदेवता डायोनिससच्या भक्तिणीसारखी चालत आली. वर्णन थोडे रंगवलेले असावे, पण निकालाबद्दल शंका नाही. अलेक्झांडरची आई समोर पाहताच युरिडिकीचे सैन्य तिला सोडून पलीकडे गेले. अर्‍हिदाइयसला मारण्यात आले. युरिडिकीकडे ऑलिंपियासने तलवार, फास आणि विष पाठवले व एकाची निवड करायला सांगितले. तिने पतीच्या देहाच्या जखमा स्वच्छ केल्या, ऑलिंपियासलाही अशाच भेटी मिळोत असा शाप दिला आणि त्या तिन्ही वस्तू बाजूला सारून स्वतःच्या कमरपट्ट्याने गळफास घेतला.

काही महिन्यांतच अँटिपाटरचा मुलगा कासांडर याने ऑलिंपियासला पिद्ना या किनाऱ्यावरच्या नगरात कोंडले. अन्न संपले, तिथल्या युद्धहत्तींना लाकडाचा भुसा खायला घालावा लागला आणि ते मेले, माणसेही मेली, तेव्हा इ.स.पू. ३१६ मध्ये ती शरण आली. तिला मारायला पाठवलेले सैनिक तिला पाहून परत फिरले. अखेर तिने ज्यांना मारले होते त्यांच्या नातलगांनी ते काम केले. कासांडरने युरिडिकी व अर्‍हिदाइयस यांचे मात्र आइगाइला राजेशाही इतमामात दफन केले. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना वेर्गिनाला न लुटलेली एक राजकबर सापडली. तिच्या बाहेरच्या दालनात सोन्याच्या पेटीत, सोनेरी-जांभळ्या वस्त्रात गुंडाळलेल्या एका स्त्रीच्या अस्थी होत्या आणि जवळच सोन्याने मढवलेला भाता होता. ही कबर फिलिपची व त्याच्या एखाद्या पत्नीची की अर्‍हिदाइयस व युरिडिकी यांची, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. भाता मात्र तिचाच असावा असे मानणारे आता पुष्कळ आहेत.

यानंतर राजरक्ताच्या मुलींची किंमत विचित्र रीतीने वाढली. घराण्याशी नाते नसलेल्या सेनापतींना राजा व्हायचे होते, आणि त्याचा जवळचा मार्ग लग्नमंडपातून जात होता. आशिया मायनरमधल्या सार्डिसला राहणाऱ्या अलेक्झांडरच्या बहिणीला, क्लिओपात्राला, एकामागून एक सेनापतींनी मागणी घातली. इ.स.पू. ३०८ मध्ये ती इजिप्तचा सत्ताधीश सेनापती टॉलेमी याच्याकडे जाण्यास निघाली, तेव्हा सेनापती अँटिगोनसने तिला मारवले, मारेकरी स्त्रियांनाच शिक्षा केली आणि तिचे थाटात अंत्यसंस्कारही केले. तिची सावत्र बहीण थेसालोनिकी पिद्नाच्या वेढ्यात कासांडरच्या हाती लागली. त्याने तिच्याशी लग्न करून तिच्या नावाने एक शहर वसवले, तेच आज ग्रीसचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे. पतीच्या मृत्यूनंतर ती धाकट्या मुलाला झुकते माप देते म्हणून मधल्या मुलाने तिला ठार मारले.

इ.स.पू. ३०६ च्या सुमारास सेनापतींनी उघडपणे ‘राजा’ ही पदवी घेतली आणि त्यानंतर लवकरच सामोस बेटाच्या एका ठरावात प्रथमच ‘बासिलिसा’, म्हणजे राणी, हा शब्द दिसतो. तो अँटिपाटरची मुलगी फिला हिच्यासाठी वापरलेला आहे. वडील राज्यकारभारात तिचा सल्ला घेत. वयाने बराच लहान असलेला, सेनापती अँटिगोनसचा मुलगा देमेत्रियस तिच्याशी लग्न करायला कुरकुरत होता, तेव्हा ‘फायदा असेल तिथे मनाविरुद्धही लग्न करावे’ असे त्याच्या बापाने एका नाटकातली ओळ फिरवून त्याच्या कानात सांगितले. नवऱ्याने पुढे आणखी बायका केल्या. ती मात्र छावणीतले तंटे मिटवीत राहिली, गरीब सैनिकांच्या मुलीबहिणींची लग्ने स्वखर्चाने लावून देत राहिली, आणि रोड्सच्या वेढ्यात असलेल्या नवऱ्याला तिने पाठवलेली पत्रे, अंथरूण-पांघरूण व जांभळी वस्त्रे शत्रूने समुद्रात पकडल्याची नोंद आहे. नवऱ्याचे राज्य गेल्यावर तिने विष घेतले. तिचा, आजोबांच्याच नावाचा मुलगा अँटिगोनस म्हणजेच सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला ‘अंतेकिन’. त्याच लेखातला ‘तुरमय’, म्हणजे दुसरा टॉलेमी, हा इजिप्तच्या पहिल्या टॉलेमीची मुलगी आर्सिनोए हिचा भाऊ व पती.

या आर्सिनोएचे आयुष्य म्हणजे मागच्या सगळ्या पिढ्यांचा अनुभव एकीच्या वाट्याला यावा तसे आहे. सोळा-सतराव्या वर्षी तिचे लग्न साठीतल्या, अलेक्झांडरच्या जुन्या सेनापतींपैकी एक असलेल्या लिसिमाखसशी झाले, इ.स.पू. २८१ मध्ये तो युद्धात पडल्यावर दासीला राजवस्त्रे नेसवून आणि स्वतः फाटके कपडे घालून ती एफेससमधून निसटली. नंतर सावत्र भावाने लग्नाचे वचन देऊन तिच्या नगरात प्रवेश मिळवला आणि तिची दोन मुले मारली. ती सामोथ्रेस बेटावर आश्रयाला गेली, तेथून इजिप्तला पोहोचली आणि सख्खा भाऊ दुसरा टॉलेमी याची राणी झाली. ग्रीकांना असे लग्न निषिद्ध होते, पण आता तिला माहेर आणि सासर एकच होते, सवत नव्हती, आणि नाण्यांवर तिचा चेहरा उमटू लागला. इ.स.पू. २७० च्या सुमारास ती वारली, तेव्हा राजाज्ञेने ती देवी झाली. काही वर्षांनी इजिप्तमधल्या द्राक्षमळ्यांच्या व फळबागांच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा तिच्या पूजेसाठी वसूल होऊ लागला, आणि त्या वसुलीच्या कागदांवर तिचे नाव पदवीसह लिहिलेले आहे.